सतरा नंबरची चकती

ज्याने तीस वर्षं गळती मोजली, त्याने जगाबद्दल बरं बोलावं अशी अपेक्षा कुणी करू नये. उणेकाका कधी बोललेही नाहीत.

हे नाव त्यांना प्रयोगशाळेतल्या लोकांनी पाडलं. त्यांच्या खोलीत सगळे आकडे उण्यातले. उणे ऐंशी, उणे एकशे वीस, उणे एकशे शहाण्णव. माणसं मोजायची त्यांची पट्टीही शून्यापासून सुरू होऊन खालीच जायची. नवा साहेब आला तेव्हा ते म्हणाले, "बोलतो चांगलं. म्हणजे कामाला नसणार." नवी खुर्ची आली तेव्हा म्हणाले, "सहा महिन्यांत पाय लंगडा होईल." सहा महिन्यांत झाला. त्यांचं दुर्दैव असं की त्यांचं म्हणणं बहुतेकदा खरं ठरायचं, आणि सतत खरं ठरणाऱ्या माणसाला सुधारायला वाव राहत नाही.

इमारतीच्या मागच्या मोठ्या शेडमध्ये एक टाकी तयार होत होती. द्रव हायड्रोजन साठवायची टाकी. ती लोखंडाची नव्हती. कार्बनच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवायचं, थरावर थर चढवायचे आणि भट्टीत भाजायचे. मग एक काळी, चकचकीत, वजनाला हलकी वस्तू बाहेर येते आणि तिच्याशेजारी उभं राहून लोक फोटो काढतात. द्रव हायड्रोजन उणे दोनशे त्रेपन्न अंशांवर राहतो. त्या थंडीत राळ आखडते, धागे आखडत नाहीत. एका घरातल्या दोघांपैकी एकच आखडत गेला तर जे होतं तेच इथे होतं. बारीक तडे जातात. बाहेरून घर धडधाकट दिसतं, आतून वायू झिरपू लागतो. झिरपलेला हायड्रोजन कुठेतरी छपराच्या कोपऱ्यात साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो.

त्या टाकीच्याच मालातून बशीएवढ्या चकत्या कापून काकांच्या खोलीत येत. काका चकती द्रव नायट्रोजनमध्ये वीस वेळा बुडवत आणि वीस वेळा बाहेर काढत. मग दोन पोलादी कड्यांमध्ये ती आवळत, वरच्या बाजूला हेलियम सोडत, खालच्या बाजूची हवा पंपाने ओढून घेत, पुन्हा थंडी देत आणि चकतीतून किती हेलियम खाली उतरला ते यंत्राच्या काट्यावर वाचत. हेलियम हा वायूंमधला भुरटा चोर. त्याला जिथे फट सापडली नाही तिथे कुणाला सापडायची नाही, शिवाय तो पेट घेत नाही. खोलीत पांढरी वाफ जमिनीलगत फिरायची. काकांची दोन बोटं कधीकाळी थंडीने भाजून कायमची गुळगुळीत झाली होती, आणि त्याच बोटांनी ते समोरच्याला दोष दाखवायचे.

या कामात एक पथ्य होतं. चकती कड्यांमध्ये आवळण्याआधी तीन दिवस ओव्हनमध्ये सुकवायची. राळ हवेतला दमटपणा पिते. तड्यांत पाणी राहिलं आणि तशीच थंडी दिली, तर त्या पाण्याचा बर्फ होतो, प्रत्येक तड्याला बूच बसतं आणि फुटकी चकती धडधाकट असल्याचं सोंग आणते. "ओली चकती ही खोटी साक्षीदार," काका पाहुण्यांना सांगत. पाहुणे मान डोलावत आणि खिडकीबाहेर बघत. नोंदवहीत त्यासाठी एक वेगळा रकाना होता: सुकवण. त्यात काका दर वेळी बरोबरची खूण करत.

हा ओव्हन सत्तर अंशांवर चालायचा. सत्तर अंश ही चकती सुकवायला योग्य गरमी आहे आणि दुपारचे डबे गरम करायलाही. हा योगायोग माणसांच्या लक्षात यायला फार बुद्धी लागत नाही. टाकीवर काम करणारी आठ माणसं आणि त्यांचा मुकादम यांच्या तो लक्षात आला. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी काकांनी ओव्हनचं दार उघडलं तर चकतीशेजारी नऊ डबे. काकांनी नऊच्या नऊ डबे बाहेर नेले आणि जिन्याच्या नऊ पायऱ्यांवर एकेक मांडून ठेवले.

मुकादम धावत आला. जाडजूड, सावकाश चालणारा माणूस. धावला म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"काका, हे काय चालवलंय?"

"ओव्हन आहे हा, मुकादम. तुमच्या आईचं स्वयंपाकघर नाही."

"झाकणं बंद आहेत हो सगळी. जाणार काय त्यातून?"

"झाकण बंद आहे असं तुम्ही म्हणता. झाकण काय म्हणतं ते विचारलंत?"

"आईवर जायचं कारण नव्हतं," मुकादम म्हणाला. त्याने वाकून आपला डबा उचलला. "आमची माणसं टाकीखाली उभी राहतात, काका. तुम्ही इथे बशी घेऊन बसता."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. काकांनी ओव्हनवर एक कागद चिकटवला. अक्षर सुरेख, मजकूर असा: या ओव्हनमध्ये अन्न ठेवणारा माणूस टाकीच्या जवळ उभा राहायच्या लायकीचा नाही. खाली सही. सही ठसठशीत होती, जणू कायदाच लिहिला.

आता या कायदेपंडिताचं पोट. गेल्या थंडीत काकांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दुपारचं जेवण गरमच हवं. घरून पत्नीने डबा द्यायचा, काकांनी तो गरम करून खायचा, एवढं साधं. कँटीनमध्ये डबे गरम करायचं एक यंत्र होतं. त्याच्यासमोर रांग असायची आणि रांगेत मुकादम असायचा. त्याच्या मागे डबा धरून उभं राहायचं ही कल्पना काकांना ऑपरेशनपेक्षा जड वाटली.

तेव्हा त्यांनी काय केलं? जे इतरांनी केल्यावर त्यांनी कागद चिकटवला होता, तेच केलं. आपला डबा तपकिरी कागदात गुंडाळला, कागदावर 'नमुना' असं लिहिलं आणि ओव्हनच्या खालच्या फळीवर मागच्या बाजूला ठेवला. मनाची समजूत घालायला त्यांना शास्त्र हाताशी होतंच. घरी त्यांनी तो डबा झाकण लावून बादलीभर कढत पाण्यात दाबून धरला होता. एक बुडबुडा आला नाही. झाकणाला रबराची रिंग होती, ती घट्ट बसत होती. म्हणजे हा डबा गळत नव्हता. म्हणजे नियम गळक्या डब्यांसाठी होता, अर्थात दुसऱ्यांच्या. माणूस स्वतःपुरता अपवाद काढतो तेव्हा किती काटेकोर होतो, ते काकांकडून शिकावं.

आणि पुरावाही त्यांच्या बाजूने होता. बारा नंबरपासून सोळा नंबरपर्यंतच्या चकत्या त्याच ओव्हनमध्ये, त्याच डब्याच्या वरच्या फळीवर सुकल्या आणि रीतसर गळल्या. आधीच्या अकराही गळल्या होत्याच. सोळा चकत्या, सोळा गळत्या. काकांना त्याचं दुःख नव्हतं. दुःख साहेबांना होतं.

साहेबांविषयी फार लिहावं असं काही नाही. ते अहवालाच्या भाषेत श्वास घ्यायचे. "आपण सकारात्मक दिशेने चाललो आहोत," असं ते सोळाव्या गळतीनंतरही म्हणाले. टाकी तयार झाली होती, पहिल्या भरणीची तारीख वरून ठरून आली होती. अडून बसली होती ती फक्त ही बशी.

सतरा नंबरची चकती सुकत असताना साहेब तीन दिवस रोज येऊन ओव्हनच्या काचेतून बघत होते. एरवी चकती आवळल्यावर काका रात्रभर पंप चालू ठेवायचे. या वेळी साहेब डोक्यावर उभे. तिसऱ्या दुपारी काकांनी चकती आणि डबा एकदमच बाहेर काढले, दहा मिनिटांत जेवण उरकलं, चकती आवळली आणि दोन तासांत थंडी दिली.

काटा हलला नाही.

काकांनी यंत्र तपासलं. ठरावीक मापाने गळणारी नळी लावून पाहिली, यंत्राने ती बरोबर दाखवली. पुन्हा चकतीकडे वळवलं. काटा खाली, अगदी तळाशी, मेल्यासारखा. साहेबांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. तीस वर्षांत त्या पाठीवर कुणी थाप मारली नव्हती, त्यामुळे काका दचकले.

"शून्य!" साहेब ओरडले. "काका, शून्य!"

चकती परत गरम होताना, उणे पन्नासच्या आसपास, काटा एकदा उसळून वर गेला होता. काकांनी तो पाहिला. नोंदवहीत लिहिलं: सील सैल झालं असावं. हेच वाक्य दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर काकांनी त्याला उभा सोलला असता.

पण त्यांना एव्हाना शून्याची चव लागली होती. आठवडाभराने सभागृहात केक कापला गेला. सतरा नंबरची चकती काचेच्या पेटीत ठेवून दारापाशी मांडण्यात आली आणि भिंतीवर तिचा माणसाएवढा फोटो लागला. साहेबांनी भाषणात 'शून्य' हा शब्द अकरा वेळा उच्चारला. काकांना गुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी येऊन ते पत्नीला म्हणाले, "घड्याळ पाच मिनिटं मागे आहे." म्हणाले खरे, पण स्वतःच्या हाताने खिळा ठोकून ते समोरच्या भिंतीवर लावलं, आणि सत्काराचा फोटो त्याच्याखाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कौतुकाकडे बघून नाक मुरडणारा हा माणूस जेवताना त्या फोटोसमोरच्या खुर्चीवर बसू लागला. पत्नीने ते पाहिलं आणि दुसरीकडे तोंड करून हसली.

सतरानंतर साहेबांनी एकही चकती मागितली नाही. मनासारखं उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारण्याइतका तो माणूस खुळा नव्हता. पहिल्या भरणीचा ठरलेला शुक्रवार जवळ आला, वरच्या पाहुण्यांना आमंत्रणं गेली.

बुधवारी संध्याकाळी काका स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. खिडकीच्या कठड्यावर, साबणाच्या वडीशेजारी, रबराची एक गोल रिंग पडलेली होती. उन्हाने पांढुरकी पडलेली.

"हे काय आहे?"

पत्नी भांडी पुसत होती. "काय ते? हां, तुमच्या डब्याची रिंग. वास मारायला लागली होती कोबीचा. धुऊन वाळत टाकली आणि विसरले."

"कधी?"

"झाले की बरेच दिवस."

"बरेच म्हणजे किती?"

"अहो, मी काय वहीत लिहून ठेवते? तुमचा तो केक झाला ना, त्याच्या आदल्या आठवड्यात. सोमवारची सकाळ होती. नळाला पाणी आलं नव्हतं, साठवणीच्या पाण्यात धुतली म्हणून लक्षात आहे."

त्याच सोमवारी सतरा नंबरची चकती ओव्हनमध्ये गेली होती.

काका खाली बसले. "म्हणजे तेव्हापासून मी बिनरिंगचा डबा नेतोय."

"नेताय की. झाकण बसतं तसंही."

"आणि मला कळलं नाही."

"कसं कळणार? कोरडी भाजी देते मी, ऑपरेशन झाल्यापासून. सांडली तर कळेल ना!" तिने पुसलेला टोप पालथा घातला. "तीस वर्षं गळती शोधताय म्हणे. दुसऱ्याच्या घरातली शोधत असणार."

काकांनी रिंग बोटांत फिरवून पाहिली. कोरड्या भाजीतून सांडत काही नाही. वाफ मात्र निघते. बंद ओव्हनमध्ये, सत्तर अंशांवर, तीन दुपारी, बशीएवढ्या चकतीच्या अगदी खालून. कोबीच्या वाफेने तडे भरले, थंडीने बुचं बसवली, आणि त्या बुचांना हार घालून साहेबांनी पेटीत ठेवलं. उणे पन्नासला काटा का उसळला तेही आता कळलं. सील जागेवरच होतं. पोकळीतला बर्फ तेवढ्या गरमीला उडून जातो, बुचं निघतात, वाट मोकळी होते. हे काकांना पंचवीस वर्षांपासून ठाऊक होतं.

"बरं वाटत नाही का?" पत्नीने विचारलं.

"शुक्रवारी टाकी भरताहेत."

"मग?"

"ती गळणार."

पत्नीचा हात थांबला. "खाली माणसं असतील?"

"नऊ."

"मग सांगा की जाऊन."

"काय सांगू?" काका रिंग दाखवत म्हणाले. "हे सांगू?"

इथे वाचकाने काकांना थोर समजण्याची घाई करू नये. नऊ माणसं आणि एक डबा, एवढाच हिशेब होता, आणि तरी त्यांना डबा जड वाटत होता. रात्रभर त्यांच्या डोळ्यांपुढे टाकी आली नाही. आल्या त्या जिन्याच्या पायऱ्या, एकेक डबा ठेवलेल्या.

गुरुवारी सकाळी सगळ्यांच्या आधी पोचून त्यांनी काचेची पेटी उघडली, चकती काढली, आवळली आणि पंप लावला. थंडी दिली नाही. आधी पाच तास नुसतं ओढून तड्यांतलं पाणी काढलं. दुपारी नायट्रोजन ओतला. काटा तळाशी क्षणभर रेंगाळला आणि मग चढू लागला. सोळा नंबर जिथे थांबली होती त्याच्याही थोडा वर जाऊन थांबला. आयुष्यातली सगळ्यात स्वच्छ चाचणी काकांनी त्या दिवशी केली, स्वतःविरुद्ध.

साहेबांच्या खोलीत मुकादम बसला होता. उद्याच्या सूचना घेत होता. काका आत आल्यावर त्याने खुर्ची थोडी भिंतीकडे वळवली.

"या काका, या! उद्या पुढच्या रांगेत बसायचंय तुम्हाला," साहेब म्हणाले.

"सतरा नंबर गळतेय."

साहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचा माणूस निघून गेला. "काय बोलताय? पेटीतली चकती?"

"पेटीतून काढली. पुन्हा घेतली. गळतेय. टाकीही गळेल. उद्या भरू नका."

"मग त्या दिवशी शून्य कसं आलं?"

हाच प्रश्न येणार हे काकांना माहीत होतं. उत्तरही तयार होतं, पहाटेपासून घोळवलेलं. ते टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, "यंत्र अडखळलं असेल. होतं कधीकधी. जुनं झालंय."

झालं. डबा वाचला, टाकीही थांबेल, असा त्यांचा अंदाज. पण साहेब लोकांना यंत्रातलं काही कळत नसलं तरी वाक्यातली फट बरोबर दिसते. साहेब पुढे झुकले. चेहऱ्यावर रंग परत आला.

"यंत्र अडखळतं? म्हणजे यंत्रावर भरवसा नाही?"

"तसं नाही..."

"तुम्हीच म्हणालात. म्हणजे आधीच्या सोळाही चुकीच्या असू शकतात. आजचीही. मग टाकी गळते याला पुरावा काय राहिला, काका?" ते मुकादमाकडे वळले. "पुरावा नाही. पाहुणे निघालेत. उद्या ठरल्याप्रमाणे भरायची."

"बरं," मुकादम म्हणाला आणि वहीत लिहू लागला. सकाळी सात. माणसं नऊ.

काका त्याच्या हाताकडे बघत होते. जाड बोटं, आखूड पेन्सिल, गिरवून गिरवून लिहिलेलं नऊ. स्वतःचं नाव वाचवायला त्यांनी एक खोटं वाक्य उच्चारलं होतं आणि त्या वाक्याने सोळा खऱ्या चकत्या एका झटक्यात पुसून टाकल्या होत्या.

"यंत्र बरोबर आहे," काका म्हणाले.

"आत्ताच तर तुम्ही..."

"खोटं बोललो. यंत्र बरोबर आहे. सोळाही बरोबर आहेत. सतरा ओली होती. ओव्हनमध्ये डबा होता."

साहेबांनी आपसूक मुकादमाकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता साहेब?" मुकादम म्हणाला. "आमचे डबे दोन वर्षांपूर्वीच जिन्यावर गेलेत."

"मग कुणाचा?"

"माझा," काका म्हणाले.

बाहेर कुणीतरी ट्रॉली ओढत नेत होतं. तिचं एक चाक किरकिरत होतं. मुकादमाने पेन्सिल वहीत ठेवली, वही मिटली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा काकांकडे सरळ बघून विचारलं, "काय होतं डब्यात?"

"कोबी."

"आणि झाकण?"

"बंद होतं."

"बंद आहे असं तुम्ही म्हणता," मुकादम सावकाश म्हणाला. "झाकण काय म्हणालं?"

काकांनी खिशातून रबराची रिंग काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी ती बोटाच्या टोकाने बाजूला सरकवली, एखादा किडा सरकवावा तशी. "हे बघा, डब्याचं वगैरे आपण कुठे लिहिणार नाही. हसतील वरचे. शिवाय भरणी थांबवायला तेवढं कारण पुरेसं..."

"साहेब," मुकादम उठत म्हणाला, "माझी माणसं उद्या टाकीपाशी जाणार नाहीत. कारण तुम्ही काय वाटेल ते लिहा. पाहुण्यांना भरायची हौस असेल तर त्यांच्या हातात नळी द्या." दारात तो थांबला. काकांना वाटलं, काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, "दोन वर्षं थंड जेवलो आम्ही रांग मोठी असली की," आणि गेला.

भरणी रद्द झाली. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'चाचणीपूर्व बाह्य आर्द्रतेचा अनपेक्षित प्रादुर्भाव', आणि काकांना सही करायला सांगितलं. काकांनी अहवालावर सही केली, कारण तो साहेबांचा होता. नोंदवहीत मात्र, सतरा नंबरपुढे, सुकवणीच्या रकान्यातली खूण खोडून स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिलं: डबा. माझा.

याबद्दल कुणी त्यांचा सत्कार केला नाही. टाकी गळते याचं कुणाला फारसं सोयरसुतक नव्हतं. कोबीचं मात्र सगळ्यांना होतं. आठवडाभर जिन्यावर, दारात, हात धुताना एकच विषय. भिंतीवरचा मोठा फोटो उतरवला, तिथे रंगाचा उजळ चौकोन राहिला, आणि त्या चौकोनात कुणीतरी पेन्सिलीने कोबीचा गड्डा काढला. तो बरा काढला होता. ओव्हनवरचा कागद कुणी फाडला नाही. फक्त त्यातल्या 'माणूस' या शब्दापासून एक बाण काढून खालच्या सहीपर्यंत नेला होता. काकांनी तो खोडला नाही. हा त्यांचा मोठेपणा म्हणावा तर तसं नव्हे. चूक त्यांना त्यात सापडेना.

आता ते दुपारी कँटीनच्या रांगेत उभे राहतात. मुकादम पुढे असला तर मागे वळून बघत नाही, मागे असला तर पुढे घुसत नाही, आपला नंबर आला की आपला डबा ठेवतो. बोलणं तेवढंच, "सरका काका." एकदा रांग लांबली आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली. काकांनी डबा उघडून उभ्याउभ्या थंडच खाल्ला. शेजारी मुकादमही थंडच खात होता.

"मीठ कमी आहे," काका आपल्या डब्यात बघत म्हणाले.

"घरी जाऊन सांगा तसं," मुकादम म्हणाला. "हिंमत असेल तर."

अठरा नंबरची चकती पुढच्या महिन्यात आली. तीन दिवस सुकली. तिसऱ्या दुपारी काकांनी वही उघडली, सुकवणीच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि खूण करायच्या आधी, तीस वर्षांत पहिल्यांदा, उठून ओव्हनच्या सगळ्या फळ्या हात घालून तपासल्या. आत चकतीशिवाय काही नव्हतं. चकती गळली.